उबुदच्या पाठीमागची खाचरं

सकाळचे आठ वाजलेत आणि उबुदच्या हमरस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. स्कूटरींची रांग राजवाड्यासमोर ताटकळली आहे. बाजाराच्या तोंडाशी सरोंग, वेताच्या पिशव्या आणि रंगवलेली लाकडी मांजरं मांडून झाली आहेत. योगवर्गाला निघालेल्या मुली खांद्यावर चटया लावून फुटपाथवरून वाट काढताहेत. बालीच्या या डोंगराळ गावात परदेशी माणूस नवा नाही. वॉल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार १९२७ साली इथल्या राजघराण्याच्या आमंत्रणावरून राहायला आला आणि त्याच्या मागोमाग चित्रकार, संगीतकार, मानववंशशास्त्रज्ञ येत राहिले. पण २००६ मध्ये ‘ईट, प्रे, लव्ह’ हे पुस्तक आणि २०१० मध्ये त्यावरचा चित्रपट आला, तेव्हापासून जो लोंढा लागला तो वेगळाच. या गर्दीपासून भातशेती फार दूर नाही. चालत निघालं तर अर्ध्या तासाच्या आत पावलं बांधावर पडतात.

फुटपाथवर मात्र नजर खाली ठेवूनच चालावं लागतं. प्रत्येक दुकानाच्या, घराच्या, अगदी एटीएमच्याही दारात नारळाच्या कोवळ्या पानांची तळहाताएवढी परडी ठेवलेली असते. तिच्यात रंगीत फुलं, चिमूटभर भात, कधी एखादं बिस्कीट आणि वर धुमसती उदबत्ती. ही चनांग सारी. मराठी पाय तिला आपोआप वळसा घालतात, कारण निर्माल्य पायदळी येऊ द्यायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. बालीची माणसं त्या बाबतीत मोकळी आहेत. उदबत्ती जळाली की अर्पण पोचलं. मग परडी कुत्र्यानं हुंगली, चिमण्यांनी भात टिपला, वरून चाक गेलं, तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. जुनी झाडून टाकायची, नवी ठेवायची, आणि हे रोज. त्यात किती वेळ जात असेल ते काउंटरमागे बसून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पानं टाचणाऱ्या बायकांकडे पाहिलं की कळतं.

सरस्वतीच्या देवळाचं कमळतळं इ गुस्ती न्योमान लेंपाद या थोर कलावंताच्या कल्पनेतून उभं राहिलं. त्याच्या जवळून जालान कजेंग नावाची गल्ली उत्तरेकडे चढते. गल्लीतल्या सिमेंटच्या लाद्या वाचत वाचत पुढं जायचं असतं. लाद्यांसाठी ज्यांनी पैसे दिले त्यांना आपापल्या लादीवर काहीबाही कोरायची मुभा मिळाली. कुणी लग्नाची तारीख लिहिली आहे, कुणी आपल्या गावाचं नाव, कुणी दुकानाची जाहिरात. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं असतात, त्यांच्यावर पाय देताना आपण संकोचतो. इथं पायाखालीच जगभरची हस्ताक्षरं पसरली आहेत.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत, पण रस्त्यावरून दिसतात त्या फक्त भिंती आणि दोन-चार पायऱ्यांचे अरुंद दरवाजे. दरवाजातून डोकावलं तर नजर समोरच्या आडभिंतीवर आपटते. वाईट शक्ती सरळ रेषेतच चालतात, त्यांना वळता येत नाही, अशी समजूत असल्यामुळे ही आडभिंत बांधतात. आत अंगणाभोवती वेगवेगळ्या खोल्यांचे चौथरे, आणि घरचं देऊळ अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात. देवघर ईशान्येला हवं म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये भिंती हलवणाऱ्या माणसाला इथं चटकन ओळख पटते. बालीत या दिशेला भूगोलाचाही आधार आहे. डोंगराकडची बाजू पवित्र, समुद्राकडची खालची. दक्षिण बालीत डोंगर उत्तरेला आहेत आणि पाणी तिकडूनच येतं.

घरं संपतात, काँक्रीटची पाऊलवाट उरते आणि मग पाण्याचा आवाज सुरू होतो.

तो आवाज पुढं सगळ्या वाटेवर पाठ सोडत नाही. वाटेच्या कडेनं हातभर रुंदीचा पाट धावतो. मधेच एक आडवा अडसर लागतो, त्याला लहान-मोठ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेतून पाणी वेगळ्या बाजूला उडी घेतं. पूर्वी हा अडसर लाकडाच्या ओंडक्याचा असे, आता बहुतेक सिमेंटचा. याला तेंबुकू म्हणतात. खाच किती रुंद, त्यावर कुणाला किती पाणी ते ठरतं. ना मीटर, ना झडप, ना कुलूप. रस्त्यानं जाणारं कुणीही थांबून बघू शकतं की वाटणी बरोबर चालली आहे की नाही. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. विहिरीवरच्या पाळीवरून सख्ख्या भावांची डोकी फुटल्याच्या गोष्टी आपल्या गावोगाव आहेत. इथं पाण्याची वाटणी उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहत होती.

खाचरं पायऱ्यांसारखी खाली उतरत जातात. पलीकडे झाडीत वोस नदीची खोल घळ आहे. तिचे दोन प्रवाह खाली चांपुहानला मिळतात. मार्कंडेय ऋषी जावाहून आले ते त्या संगमावर थांबले आणि तिथलं गुनुंग लबाह हे देऊळ त्यांनीच स्थापलं, अशी कथा आहे. आपल्या पोथ्यांतला हा चिरंजीव ऋषी इथं सहप्रवाशासारखा भेटतो, आणि त्याच्याबरोबर जंगल तोडून शेती करणारे लोक आले असंही सांगतात. बालीच्या मनात ऋषी आणि भातशेती ही एकाच गोष्टीतली पात्रं आहेत.

बांधावरून येणारा प्रत्येक माणूस विचारत होता, कुठं निघालात? हमरस्त्यावर हाच प्रश्न टॅक्सीवाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून विचारतो. बांधावर विचारणाऱ्याला नुसती विचारपूस करायची असते. ‘असंच, जरा फिरतोय’ एवढं उत्तर पुरतं, आणि तो मान डोलावून पुढं जातो. एखादा युरोपीय पर्यटक या प्रश्नानं अवघडलेला मी पाहिला. कोकणात, मावळात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना यात काहीच नवीन वाटणार नाही. गावात शिरलेल्या माणसाला कुठनं आलात, कुणाकडं निघालात, हे विचारलं नाही तर तो उद्धटपणा ठरतो.

एका खाचरात लावणी चालली होती. चिखल करून, पाणी नेमकं बोटभर ठेवून, सात-आठ पुरुष ओळीनं मागं सरत रोपं खोचत होते. सगळे पुरुषच. बालीत पूर्वापार लावणी पुरुषांची आणि कापणीला घरदार सगळं. हे पाहून मला पहिल्यांदा थबकायला झालं, कारण माझ्या डोळ्यांपुढची लावणी म्हणजे आषाढातला पाऊस, पाठीवर इरली घेऊन वाकलेल्या बायका आणि त्यांची गाणी. आपल्याकडे ती सगळी घाई एका पावसाळ्यात उरकावी लागते. राब भाजायचा, रोहिणी-मृगात पेरायचं, आषाढात लावायचं, आणि दिवाळीच्या आगेमागे झोडणी. त्यानंतर खाचर भेगाळून पडतं. इथं ज्वालामुखीच्या सरोवरांचं आणि झऱ्यांचं पाणी वर्षभर उतरतं, त्यामुळे भाताच्या सगळ्या अवस्था एकाच वाटेवर भेटतात. इकडं लावणी, पुढच्या वळणावर गुडघ्याएवढं हिरवं पीक, नदीच्या बाजूला पिवळं झालेलं भात, आणि त्यापलीकडे नुसत्या धसकटांत सोडलेली बदकं.

त्या बदकांपाशी बांबूची एक काठी रोवलेली होती, टोकाला पांढरं फडकं. राखणदार कुठंच दिसत नव्हता. बदकांना लहानपणापासून या काठीची सवय लावतात. सकाळी मालक काठी रोवून जातो, बदकं दिवसभर तिच्या आसपास चरतात, सांडलेले दाणे, गोगलगायी आणि किडे वेचतात, खाचर खतावतात, आणि संध्याकाळी काठीमागून घरी जातात. कापणी आणि नवी लावणी यांमधला हा मोकळा काळ या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे, हे मला पुढं उमगत गेलं.

या व्यवस्थेचं नाव सुबाक. एका उगमाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची ती संघटना असते. युनेस्कोनं २०१२ मध्ये बालीच्या सुबाक प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या नोंदीनुसार बेटावर सुमारे १,२०० सुबाक आहेत, एकेकात ५० ते ४०० शेतकरी, आणि परंपरा नवव्या शतकापर्यंत मागं जाते. प्रत्येक सुबाकचा एक निवडलेला प्रमुख असतो, पकासेह. लेखी नियम असतात, दंड असतात, पाट साफ करायची पाळी असते. आणि देवळं असतात. खाचरात पाणी शिरतं तिथं एक लहानशी देवळी, पाटाच्या तोंडाशी त्याहून मोठं देऊळ, असं चढत चढत थेट बातूर सरोवराच्या वरच्या कड्यावर असलेल्या उलुन दानू बातूर या मंदिरापर्यंत. पाणी वरून खाली येतं, नैवेद्य खालून वर जातो.

यामागचं शहाणपण स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं उलगडून दाखवलं. त्याचं ‘प्रीस्ट्स अँड प्रोग्रामर्स’ हे पुस्तक १९९१ चं. जेम्स क्रेमर या सहकाऱ्याबरोबर त्यानं वोस आणि पतानू या नद्यांवरच्या १७२ सुबाकांचं संगणकावर प्रारूप मांडलं. म्हणजे ज्या नदीच्या कडेनं ही वाट जाते, तिचंच पाणी त्या अभ्यासात होतं. त्याचा प्रश्न साधा होता. वरच्या खाचरवाल्याच्या हातात पाणी आधी येतं, मग त्यानं खालच्यासाठी ते का सोडावं? उत्तर किडीत सापडतं. सगळ्या शिवारानं एकाच वेळी लावलं, एकाच वेळी कापलं आणि एकाच वेळी रान मोकळं ठेवलं, तर तुडतुडे आणि उंदरांना खायला काही उरत नाही, ते मरतात. खालच्याला पाणी मिळालं नाही तर तो उशिरा लावेल, वरच्याचं कापून झालेलं असताना त्याचं उभं असेल, आणि कीड तिथं पोसून परत वर येईल. उलट अख्ख्या खोऱ्यानं एकदमच लावणी काढली, तर नदीला पाणी पुरणार नाही. या दोन्ही टोकांमध्ये नेमकी कुठं गाठ मारायची ते शेजारच्या सुबाकांनी मिळून, देवळात बसून, सणांच्या तारखांच्या आधारानं ठरवायचं. त्या शिवारातली शांतता मला यानंतर वेगळी ऐकू येऊ लागली. शेकडो माणसं एकमेकांशी बोलून ठरवतात, म्हणून तिथं भांडणाचा आवाज नाही.

१९७० च्या दशकात हरितक्रांती इथं पोचली तेव्हा हे बोलणं थांबलं. लवकर पिकणारी बुटकी वाणं, खत आणि औषधं एकत्र मिळू लागली. देवळाच्या तारखा सोडा, जमेल तितक्या वेळा पीक घ्या, असा सरकारी आग्रह होता. सुरुवातीला उत्पन्न वाढलं. मग तपकिरी तुडतुड्यांनी शिवारंच्या शिवारं जाळली, नवीन वाण आलं तर नवीन रोग आला, आणि वेगवेगळ्या वेळी लावणाऱ्यांच्यात पाण्याची ओढाताण सुरू झाली. १९८० च्या दशकात शेतकरी पुन्हा एकत्र लावणीकडे वळले. औषधफवारणीचा पंप आजही बांधावर दिसतो, वाणंही बहुतेक नवीच आहेत. पण कधी लावायचं, हा निर्णय पुन्हा सुबाकच्या बैठकीत आला.

हे वाचता-ऐकताना मला वारंवार खानदेश आठवत होता. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे घालून शेकडो वर्षं फड पद्धत चालली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी गुरुत्वानं खेळवायचं, वाटणीला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांनी धान्यातून द्यायचा. गोव्यात खाजणांचे बांध आणि भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी मानस गांवकरीनं सांभाळली. समाईक पाण्याची अक्कल आपल्याकडेही होती, काही ठिकाणी अजून आहे. आपण तिचा वारसा म्हणून गौरव करायला फार उशीर केला, याचं मला त्या परक्या बांधावर उभं राहून वाईट वाटलं.

सोक वायाह या सुबाकच्या बाजूला एक वारुंग लागली, म्हणजे घरातूनच चालवलेली खाणावळ. चार बाकं, वर पत्रा, समोर पिकलेलं भात. जेवण म्हणजे नासी चांपूर. मधोमध भात आणि भोवती थोडं थोडं सगळं. ओल्या खोबऱ्यात कालवलेली पालेभाजी, तळलेलं तेम्पे, गवती चहाच्या काडीवर लिंपून भाजलेलं माशाचं सारण, आणि कच्चा कांदा, मिरची, गवती चहा खोबरेल तेलात कालवलेली सांबाल माताह. ही शेवटची चटणी कोकणातल्या कुठल्याही पानात शोभली असती. मला जेवण वाढण्याआधी मालकीणबाईंनी केळीच्या पानाच्या लहान लहान तुकड्यांवर शिजलेल्या भाताचे कण ठेवले. एक चुलीपाशी, एक पाण्यापाशी, एक उंबऱ्यावर, एक घरच्या देवळात. स्वयंपाक झाल्यावर घरच्यांच्या आधी हे वाटप रोज होतं. माझी आजी पानाभोवती चित्राहुती घालायची आणि गायीचा घास वेगळा काढायची. माझ्या घरात ते थांबलं. इथं घरातली दहावी शिकलेली मुलगीही कानात इअरफोन घालून तेच करत होती.

भिंतीवर कॅलेंडर होतं, कालनिर्णयालाही मागं टाकील इतकं खच्चून भरलेलं. बालीत २१० दिवसांचं एक चक्र चालतं आणि त्याबरोबरच चांद्र शकवर्षही. हा शक म्हणजे आपलाच शके. २०२३ साली २२ मार्चला महाराष्ट्रात शके १९४५ ची गुढी उभी राहिली, त्याच दिवशी बालीत १९४५ चं न्येपी होतं. आपण ढोल-ताशांनी नवं वर्ष आणतो. ते विमानतळ बंद ठेवून, दिवे मालवून, घराबाहेर न पडता आणतात. लोखंडाच्या अवजारांची पूजा तुम्पेक लांदेपला होते, हल्ली त्यात स्कूटर आणि मोटारीही सजतात. खंडेनवमीला आपण झेंडूची माळ घालतो तशीच. गुराढोरांचा दिवस वेगळा, झाडांचा वेगळा.

भातही इथं देवीच आहे, देवी श्री. कणसं पोटरीत असताना पीक गर्भार समजतात आणि खाचरात नैवेद्य ठेवतात. त्यात आंबट फळं असतात. आपणही भात पोटरीला आलं म्हणतो आणि गर्भारणीला चिंचा-आवळे देतो, पण शेताचे डोहाळे पुरवणारे हात आता कमी झाले. कापणीला पूर्वी तळहातात लपणारी लहानशी पातळ सुरी वापरत, एकेक लोंबी कापायला, म्हणजे देवी बिचकू नये. बुटक्या वाणांच्या कापणीला आता सर्रास विळा चालतो. पहिल्या लोंब्यांची जुडी बांधून तिला मात्र मानानं कणगीत नेतात. कोकणात दारावर नवं बांधतात ते मला आठवलं, आणि मालकीणबाईंना मी ते सांगायचा प्रयत्न केला. त्या आत गेल्या आणि गेल्या हंगामाची वाळलेली जुडी घेऊन आल्या.

तेवढ्यात त्यांचे सासरे खांद्यावर फावडं घेऊन आले. सत्तरीकडे झुकलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. सून इंग्रजी करून सांगत होती. वाटेवर मी तीन-चार ठिकाणी जमीन भाड्यानं देण्याच्या पाट्या पाहिल्या होत्या, त्यांच्याबद्दल विचारलं. परदेशी माणसाला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, म्हणून पंचवीस-तीस वर्षांच्या कराराची पद्धत पडली आहे. पैसे बहुधा एकरकमी मिळतात. मुलं हॉटेलात नोकरीला असतात, शेतात चौघांचं काम दोघं म्हातारे करतात, वर शेतजमिनीचा कर शेजारी व्हिला झाला की वाढतो. अशा वेळी सही करणाऱ्याला दोष देता येत नाही, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. करार संपल्यावर जमीन परत येते, पण काँक्रीटखालची.

तुमच्याकडे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही असा कायदा आहे, आणि तरीही कर्जत, मुळशी, अलिबागला खाचरांचे प्लॉट पडलेले आहेत, कारण जमीन बिगरशेती करून घेता येते. त्यांनी एवढंच विचारलं, की मग खालच्यांचं पाणी?

आमच्याकडे भाताला पाऊस वरून येतो, असं मी म्हणालो. ते पुरेसं उत्तर नव्हतं, कारण बांध फुटला, ओढा बुजला तर खालचं खाचर आपल्याकडेही मरतंच. त्यांनी मला हातानं वर दाखवलं. दोन खाचरं सोडून पांढऱ्या भिंतीची नवी व्हिला होती, निळा तलाव, राखलेलं गवत. त्यांचा पाट तिच्या बागेतूनच येतो. बांधकामाच्या वेळी तो पाइपात घालायचं चाललं होतं. सुबाकनं बैठक घेतली, पकासेह आणि आणखी काही जण जाऊन बोलून आले, आणि पाट उघडा राहिला. पण गाळ काढायला आत जायचं तर फाटकावर विचारावं लागतं. तिथला रखवालदार याच सुबाकमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा आहे, तो विचारायच्या आधीच फाटक उघडतो. पुढच्या पौर्णिमेनंतर लावणीची तारीख ठरणार आहे आणि त्याआधी तो पाट साफ करायची पाळी त्यांच्या घराची आहे, असं सांगून त्यांनी सुनेकडे भात मागितला.